मुलांची चित्रे, मोठ्यांचे प्रश्न

डिसेंबर २०१२ ची गोष्ट. जपानमधील मात्सुए या शहरातल्या सरकारी प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना शिक्षण मंडळाच्या कचेरीकडून एक सूचना आली. 'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन', या चित्रकथेचे खंड ग्रंथालयातील उघड्या मांडणीवरून काढून आतल्या कपाटात ठेवावेत, मुलांच्या हाती ते सहजासहजी पडू देऊ नयेत, असा त्या सूचनेचा आशय होता. त्यांतील काही चित्रे, विशेषतः जपानी सैनिकांनी परमुलखात केलेल्या अत्याचारांची चित्रे, कोवळ्या मनांना झेपणारी नाहीत असे कारण दिले होते. योगायोग असा, की त्याच महिन्यात त्या चित्रकथेचे कर्ते केइजी नाकाझावा निवर्तले. पुढे ऑगस्ट २०१३ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली, देशभर गदारोळ उठला आणि त्याच महिन्यात सूचना मागे घेण्यात आली.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा माझे लक्ष लेखकाकडे गेले नाही, मंडळाकडेही गेले नाही. ते गेले त्या मुख्याध्यापकांकडे. सीमाभागातील एका सरकारी मराठी शाळेत बसून वरून आलेले कागद वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. असा कागद हातात पडला की माणूस प्रथम त्यावर सही करतो, मग तो फायलीत लावतो, आणि विचार करायचाच झाला तर तो रात्री घरी गेल्यावर करतो. कपाटाची किल्ली आपल्या खिशात आहे, हे अशा वेळी फार सोयीचे वाटते.

आता मुळात हा गेन कोण? नाकाझावा हे हिरोशिमाचे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सहा वर्षांचा हा मुलगा शाळेच्या दाराशी पोहोचला होता. शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे तो वाचला. घरी वडील, एक बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली सापडून जळून गेले. आईने त्याच दिवशी एका मुलीला जन्म दिला. ते बाळ काही आठवड्यांत गेले. मोठेपणी नाकाझावा तोक्योत चित्रकथा काढून पोट भरीत होते आणि बाँबविषयी अवाक्षर काढीत नव्हते. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर पाहतात तो राखेत हाडे म्हणून उरली नव्हती. जपानी रीतीप्रमाणे अस्थी वेचायला बसलेल्या मुलाच्या हाती काही लागू नये, हा त्यांना बाँबने केलेला शेवटचा अपहार वाटला. त्या संतापातून त्यांनी लेखणी त्या विषयाकडे वळवली. १९७३ मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकात 'अनवाणी गेन' सुरू झाली आणि १९८३ मध्ये तिचा चित्रपट निघाला. हा चित्रपट माणसांनी अभिनय केलेला नव्हे, तर हाताने काढलेल्या चित्रांचा. ज्याला आज जगभर 'ॲनिमे' म्हणतात त्या जातीचा.

'ॲनिमेशन' या इंग्रजी शब्दाला जपानी जिभेने दिलेले हे लघुरूप. आपल्या घरांत त्याला सरसकट 'कार्टून' म्हणतात, आणि कार्टून म्हणजे मुलांना जेवताना गप्प बसवण्याचे साधन, अशी आपली समजूत असते. माझीही होती. वास्तविक हा प्रकार आपल्या घरांत फार जुना आहे. तो जपानी आहे, हे मात्र आपल्याला ठाऊक नव्हते. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागे आणि गुलजारांच्या गाण्यासाठी शेजारपाजारची मुले गोळा होत. ती मालिका जपानी चित्रकारांनी केलेली होती. युगो साको यांनी आपल्या राम मोहन यांना सोबत घेऊन 'रामायण' काढले, तेही त्याच सुमारास. मोगलीत व रामायणात आपण रमलो. परंतु याच चित्रकलेने आपल्या देशातील राज्यकर्त्यांना, समाजाला आणि घराला काही अतिशय अवघड प्रश्न विचारले आहेत, त्याची वार्ता आमच्या पिढीला उशिरा लागली. मला ती लागली ती माझ्या भाच्यामुळे. सुट्टीत आलेला हा कॉलेजातील मुलगा रात्री डोळे पुसत काहीतरी पाहत बसला होता. 'काय रे कार्टून बघून रडतोस?' असे मी सहज विचारले. त्याने काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पण ते सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. कारण ही कला जन्मतःच प्रश्न विचारणारी होती असे मानणे चुकीचे ठरेल. जपानमधला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमे चित्रपट एप्रिल १९४५ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यामागे जपानी नौदल होते. 'मोमोतारो : समुद्रावरचे दैवी सैनिक' अशा अर्थाचे त्याचे नाव. मित्सुयो सेओ हे त्याचे दिग्दर्शक. मोमोतारो हा आपल्या बालकथांतल्या पराक्रमी राजपुत्रांसारखा एक लोककथेतला वीर. माकड, कुत्रा वगैरे प्राणी त्याचे साथीदार. चित्रपटात हे गोजिरवाणे प्राणी छत्रीधारी सैनिक होऊन एका दक्षिणी बेटावर उतरतात आणि तिथल्या गोऱ्यांना शरण आणतात. ते गोरे शिंगे असलेले राक्षस दाखवले आहेत. अखेरीस गावाकडची लहान पिले छत्रीधारी सैनिक होण्याचा खेळ खेळतात. झाडावरून उड्या मारतात त्या जमिनीवर आखलेल्या अमेरिकेच्या नकाशावर.

या चित्रपटातला एक प्रसंग मी तीनदा पाहिला. जपानी सैनिक बेटावरच्या स्थानिक प्राण्यांना जपानी मुळाक्षरे शिकवायला बसतात. वर्गात गोंधळ होतो, कोणी ऐकत नाही. मग अक्षरांना चाल लावली जाते आणि बघता बघता सारे रान एका सुरात परभाषेची अक्षरे गाऊ लागते. प्रसंग इतका गोड आहे, की मन विरघळते. घरात मराठी, दारात कन्नड, कचेरीत इंग्रजी अशा गावात जन्म काढलेल्या मास्तराला मात्र, भाषेचा वर्ग हा कधीच केवळ भाषेचा वर्ग नसतो, हे कोणी सांगायला नको. त्या रानातल्या प्राण्यांची स्वतःची काही बोली होती की नव्हती, याची चौकशी चित्रपटात कोणी करीत नाही.

हाच चित्रपट ओसाका शहरात, बाँबहल्ल्यांनी बेचिराख झालेल्या वस्तीतल्या एका चित्रपटगृहात, एका सोळा वर्षांच्या मुलाने पाहिला. त्याला रडू फुटले. नौदलाचा जयघोष त्याच्या मनापर्यंत पोहोचलाच नाही; पोहोचली ती चित्रांमधली कोवळीक. आपणही एक दिवस असा चित्रपट काढायचा, असे त्याने ठरवले. या मुलाचे नाव ओसामू तेझुका. १ जानेवारी १९६३ पासून त्यांची 'तेत्सुवान आतोमु', इंग्रजीत 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून गाजलेली मालिका, दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला दिसू लागली, आणि ॲनिमे हा घरोघरचा विषय झाला. तिचा नायक यंत्रमानव आहे. अपघातात मुलगा गमावलेला एक शास्त्रज्ञ त्या मुलाच्या रूपाचे यंत्र घडवतो. पण यंत्र वाढत नाही, उंच होत नाही, म्हणून तोच बाप ते सर्कशीला विकून टाकतो. पुढे या यंत्रपोराच्या जातभाईंना माणसे राबवून घेतात, हिणवतात, मोडीत काढतात. ज्याला राबवायचे त्याला माणूस म्हणायचे नाही, ही युक्ती आपल्या समाजाला काही नवी नाही. मुलांना हा मजकूर यंत्रांची मारामारी पाहता पाहता समजत होता, आणि बहुधा त्यामुळेच तो आत जात होता.

आता त्या रात्रीकडे येतो. भाच्याच्या लॅपटॉपवर होता इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा 'होतारु नो हाका', म्हणजे 'काजव्यांचे थडगे'. ताकाहातांनी वयाच्या नवव्या वर्षी, २९ जून १९४५ रोजी, ओकायामा शहरावरचा बाँबहल्ला अंगावर घेतला होता. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. कोबे शहरावरच्या बाँबहल्ल्यात आई गमावलेला चौदा वर्षांचा सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको यांची ती हकीकत. मुलगा अखेरीस रेल्वे स्थानकावर भुकेने मरतो, हे पहिल्याच दृश्यात कळते. पुढे काय होणार ही उत्सुकता दिग्दर्शकाने आधीच काढून घेतलेली आहे. आता फक्त पाहायचे, ते हे कसे घडले एवढेच.

आई भाजलेल्या अवस्थेत एका शाळेत आणलेली असते. वर्गांचे दवाखाने झालेले आहेत. सेइता तिला पाहून बाहेर येतो. बहिणीला खरे सांगू शकत नाही. ती मैदानावर बसून मुसमुसू लागते. तेव्हा हा पोरगा काय करतो? मैदानातल्या कसरतीच्या आडव्या बारवर चढतो आणि गिरक्या घेऊ लागतो. एक, दोन, तीन. दुसरे काय करावे हे त्याला कळत नाही. शाळेच्या मैदानावर मी इतकी वर्षे मुले पाहिली, घरी काही वाईट घडलेल्या मुलांच्या अशाच विनाकारण गिरक्याही पाहिल्या. पण त्यांचा अर्थ मला चित्रातल्या मुलाने सांगितला.

नंतर मुले एका दूरच्या मावशीकडे राहायला जातात. कौटुंबिक मासिकाच्या वाचकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. मावशी दुष्ट नाही. ती आधी मुलांना थारा देते. पण तांदूळ संपत आलेला असतो. मग मुलांच्या आईची रेशमी वस्त्रे तांदळासाठी विकली जातात आणि त्या तांदळातले शिते असलेले अन्न घरच्या मिळवत्या माणसांना, तर वरचे पाणी या दोघांना वाढले जाते. देशासाठी काम करणाऱ्यांनी आधी जेवावे, हा तिचा न्याय. आणि तो न्याय तिने सरकारी भाषेतूनच उचललेला आहे. सेइता रुसतो, बाजारातून भांडी आणतो, चूल वेगळी मांडतो. ताटातला हा भेद पाहताना मला माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरातली एक पंगत आठवली. तिचे वर्णन मी येथे करीत नाही. बहुतेक वाचकांना आपापल्या आजोळी ती सापडेल.

शेवटी मानी पोरगा बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या एका सोडलेल्या विवरात राहायला जातो. मच्छरदाणीत काजवे सोडून दोघे एक रात्र उजेड करतात. सकाळी काजवे मरून पडलेले. सेत्सुको त्यांच्यासाठी खड्डा खणते आणि सांगते, की आई मेल्याचे मावशीने तिला केव्हाच सांगितले आहे. भावाने जे इतके दिवस जपून लपवले, ते तिला ठाऊकच होते! पुढे पोरीला हगवण लागते. डॉक्टर म्हणतात, हिला औषध नको, अन्न द्या. युद्ध संपते, पण पोर वाचत नाही.

ताकाहातांनी पुढे वारंवार सांगितले, की हा केवळ युद्धविरोधी चित्रपट समजू नये. प्रथम मला हे चमत्कारिक वाटले. दुसऱ्यांदा पाहिल्यावर ध्यानात आले, की साऱ्या चित्रपटात शत्रूचा चेहरा एकदाही दिसत नाही. विमाने येतात आणि जातात. मारतात ते शेजारी, नातलग, शेतकरी, स्थानकावरचे वाटसरू. मारतात म्हणजे फक्त बाजूने निघून जातात. सेइताचा मानीपणाही त्यांत आला. मावशीच्या दारी परत जाऊन नमते घेतले असते, तर सेत्सुको कदाचित जगती. शेवटच्या दृश्यात दोघा भावंडांची भुते टेकडीवरच्या बाकावर बसून खाली पाहतात, आणि खाली दिवे लखलखणारे आजचे उंच उंच शहर दिसते. ही सुबत्ता ज्यांना बाजूला टाकून उभी राहिली ते कोठे बसले आहेत, एवढेच ते दृश्य दाखवते. मूळ कथाकार नोसाका यांनीही एक गोष्ट लपवली नाही. त्यांची स्वतःची धाकटी बहीण अशीच कुपोषणाने गेली होती, आणि कथेतल्या सेइताइतके प्रेमाने आपण तिला वागवले नव्हते. तिच्या वाटणीचे अन्नही आपण खाल्ले होते, अशी कबुली त्यांनी दिली आहे.

एक आक्षेप येथे नोंदवला पाहिजे. ही सारी दुःखे जपान्यांची. चीनमध्ये आणि कोरियात जपानी फौजांनी काय केले, त्याचा या चित्रपटात उच्चारही नाही. सेइताचा बाप नौदलातला अधिकारी आहे, आणि त्याच्या गलबतांची आठवण मुलाच्या डोळ्यांपुढे केवळ दिमाखाने उभी राहते. 'मोमोतारो'तले सैनिक ज्या बेटावर उतरले तेथली मुले कशी जगली, हे या काजव्यांच्या उजेडात दिसत नाही. नाकाझावांनी मात्र ते दाखवले. गेनचा बाप युद्धाविरुद्ध बोलतो म्हणून शेजारी त्याला देशद्रोही ठरवतात, गेनच्या शेजारी राहणाऱ्या कोरियन माणसाची होणारी हेळसांड चित्रकथेत आहे, आणि मात्सुएच्या कपाटात ती गेली तीही अशाच पानांमुळे. २०१६ मध्ये सुनाओ काताबुची यांच्या 'जगाच्या या कोपऱ्यात' या चित्रपटात, नौदलाच्या कुरे बंदरातली एक साधी संसारी सून शरणागतीची वार्ता ऐकून घराबाहेर पळत जाते आणि ढसाढसा रडते. त्याच क्षणी वस्तीत कोठेतरी कोरियाचा ध्वज वर चढताना दिसतो. निमिषभरच दिसतो. डोळे मिटले तर चुकेल.

हायाओ मियाझाकी यांचे नाव आता आपल्याकडेही अनेकांना परिचित आहे. त्यांच्या चित्रपटांना दोनदा ऑस्कर मिळाले, एक २००३ मध्ये व दुसरे २०२४ मध्ये. त्यांच्या घरचा कारखाना युद्धकाळात लढाऊ विमानांचे सुटे भाग करीत असे. विमानांचे वेड आणि युद्धाचा तिटकारा अशी दोन्ही त्यांच्यात एकत्र नांदतात. २०१३ च्या 'वारा सुटला आहे' या चित्रपटात त्यांनी लढाऊ विमानाचा आराखडा करणारा अभियंताच नायक घेतला, तेव्हा उजवे आणि डावे असे दोन्ही पक्ष त्यांच्यावर रागावले. देशाच्या राज्यघटनेतील युद्धत्यागाचे कलम बदलू नये, असा लेख त्यांनी त्याच वेळी आपल्या संस्थेच्या मासिकात लिहिला. पण मला विशेष सांगायचे आहे ते त्यांच्या 'मोनोनोके हिमे' या १९९७ च्या चित्रपटाविषयी.

वरवर पाहता ही जंगलाची आणि माणसाची लढाई. एबोशी नावाची एक कर्तबगार बाई जंगल तोडून लोखंडाच्या भट्ट्या चालवते आणि वनदेवतांवर बंदुका रोखते. आपल्याकडच्या चित्रपटात ती खलनायिका झाली असती. परंतु तिच्या भट्टीवर भाते हाणणाऱ्या बायका कुंटणखान्यांतून तिने सोडवून आणलेल्या आहेत. आणि एका आतल्या बागेत, पट्ट्यांनी अंग गुंडाळलेली काही माणसे बंदुका घडवीत बसलेली आहेत. नायक एबोशीवर हात टाकू पाहतो, तेव्हा अंथरुणाला खिळलेला त्यांतला एक जण विनवतो, की हिला मारू नका, आमच्या सडलेल्या अंगाला हात लावून जखमा धुणारी एवढी एकच आहे. ही माणसे कोण, ते चित्रपटात मोघम ठेवले आहे. पुढे २०१६ मध्ये मियाझाकींनी जाहीरपणे सांगितले, की ते महारोगी आहेत. त्यांच्या घरापासून जवळच असलेल्या रुग्णवसाहतीत ते कथेच्या विचारात असताना जाऊन आले होते.

जपानात महारोग्यांना कायद्याने कोंडून ठेवीत. औषधे आल्यावरही कायदा तसाच राहिला आणि १९९६ मध्ये रद्द झाला; त्याच्या दुसऱ्याच वर्षी हा चित्रपट आला. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हे कोंडून ठेवणे घटनाबाह्य ठरवले. हे वाचून आपण जपानला नावे ठेवू नयेत. १८९८ चा इंग्रजांचा महारोग्यांविषयीचा कायदा आपल्या पुस्तकात २०१६ पर्यंत होता, आणि महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वगळले गेले ते २०१९ मध्ये. वरोऱ्याच्या माळावर बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, त्याला तोवर सत्तरेक वर्षे होत आली होती. मराठी माणूस आनंदवनाचे नाव अभिमानाने घेतो. माझ्याही शाळेतील भिंतीवर बाबांचे चित्र आहे. रोगमुक्त माणसांच्या मुलांना वर्गात कोणाशेजारी बसवावे, हा प्रश्न मात्र माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत त्या चित्राखालीच निघाला होता.

आणि आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. नाओको यामादा यांचा 'कोए नो काताची', २०१६ सालचा. 'आवाजाचा आकार' असा शब्दशः अर्थ. योशितोकी ओइमा या तरुणीच्या चित्रकथेवरून तो केलेला आहे. तिची मूळ छोटी कथा पारितोषिक मिळूनही काही वर्षे छापली गेली नव्हती. विषय नाजूक, बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा सल्ला घेतल्यावर ती प्रकाशित झाली. जपानात शाळांतील छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला, एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येने देश हादरल्यानंतर. त्यामुळे या कथेमागे काय आहे हे तेथील प्रत्येक आईबाप जाणतो.

सहावीच्या वर्गात शोको नावाची बहिरी मुलगी येते. ती वहीवर लिहून बोलते. प्रथम कुतूहल, मग कंटाळा, मग चेष्टा. शोया नावाचा दांडगा मुलगा तिच्या कानांतली मशीन ओढून काढतो, खिडकीबाहेर फेकतो. एक, दोन करता करता आठ मशीन जातात. आईची तक्रार येते, मुख्याध्यापक वर्गात येतात, आणि वर्गशिक्षक फळ्यावर हात आपटून एकच नाव घेतात, शोयाचे. क्षणात सगळा वर्ग साक्षीदार होतो. काल हसणाऱ्या मुली आज रडतात, 'आम्ही त्याला सांगत होतो' म्हणतात. त्या दिवसापासून तोच वर्ग शोयाला छळू लागतो. शोको शाळा सोडून जाते.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कानाला मशीन लावणारा एक मुलगा होता. त्याचे नाव देत नाही. तो आता संसारी माणूस असेल. मधल्या सुट्टीत एकदा त्याचे मशीन पाण्याच्या टाकीत सापडले. मी चौकशी केली, एका मुलाचे नाव पुढे आले, त्याच्या बापाला बोलावले. बाप गवंडीकाम करणारा. मशीनची किंमत भरता भरता तो मेटाकुटीला आला आणि दुसऱ्या वर्षी त्याने मुलाला कामावर नेले. बहिरा मुलगाही दिवाळीनंतर शाळेत आला नाही. प्रकरण मिटल्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे. नोंदीत नाही ते एवढेच, की हजेरी घेताना त्या मुलाचे नाव मी मुद्दाम मोठ्याने, दोनदोनदा, हेल काढून घेत असे आणि वर्ग हसे. माझ्या मनात वाईट काही नव्हते. वर्ग खेळीमेळीत राहावा, इतकेच. पहिल्याने कोण हसले, असे जर कोणी मला त्या दिवशी विचारले असते, तर फळ्यावर हात आपटून मला कोणाचे नाव घ्यावे लागले असते?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी सातवीच्या मुलांना मी हा चित्रपट दाखवला. भाच्याने तो पेनड्राइव्हवर दिला होता. संवाद जपानी, खालची ओळ इंग्रजी. म्हणून मी टीव्हीशेजारी उभा राहून मराठीत सांगत होतो. दाखवला तो पहिला भाग, शाळेतला. पुढे शोया मोठा होतो, खुणांची भाषा शिकून तिला शोधायला जातो. पण त्या भागात जीव देण्याचे प्रसंग आहेत. ते मुलांना झेपतील की नाही याचा मला निर्णय करवेना, म्हणून मी तेथेच थांबवले. मात्सुएच्या कचेरीला नावे ठेवणारा माणूस हाच. हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने २०२३ मध्ये शांतताशिक्षणाच्या पाठांतून गेनला वगळले, तेव्हाही मी घरी बसून चार शब्द सुनावले होते. भुकेल्या आईसाठी तळ्यातला मासा चोरणारा मुलगा आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण, असे त्यांचे म्हणणे होते.

मुले गप्प होती. घंटा झाली तरी उठेनात. शेवटच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली.

'सर, आणि त्या सरांना काय झालं?'

'कोणत्या सरांना?'

'फळ्यावर हात आपटला त्या.'

मी म्हणालो, ते पुढे येते. वास्तविक मूळ चित्रकथेत ते सर पुढे एकदा भेटतात, आणि त्यांना काहीही झालेले नसते. मुलांनी विचारले, उरलेला कधी दाखवणार? मी पुढच्या शनिवारी म्हणून सांगितले. त्यानंतर तीन शनिवार गेले. एकदा पावसाने सुट्टी पडली, एकदा तपासणी होती. तिसऱ्या शनिवारी काहीच नव्हते. पेनड्राइव्ह माझ्या टेबलाच्या खणात आहे.